सतरा सप्टेंबर, मुक्काम पोस्ट उचगाव

१७ सप्टेंबर १९३९, रविवार. मॉस्कोत पहाटेचे तीन वाजले होते. पोलंडचे राजदूत वाट्स्वाफ ग्जिबोव्स्की यांना परराष्ट्र खात्यातून बोलावणं आलं. एवढ्या अपरात्री सरकार कुणाला चांगल्या कामासाठी बोलावत नाही. उपपरराष्ट्रमंत्री पोटेमकिन यांनी त्यांना एक खलिता वाचून दाखवला. पोलंड नावाचं राज्य आता उरलेलंच नाही, सबब तिथल्या युक्रेनी आणि बेलारूसी लोकांच्या रक्षणासाठी लाल सेना सरहद्द ओलांडत आहे, असा त्याचा मतलब. ग्जिबोव्स्कींनी तो खलिता हातात घ्यायला साफ नकार दिला. वॉर्सा अजून लढत होतं, सरकार अजून देशातच होतं. राज्य बुडालं हे परक्याने ठरवायचं, आणि तेही आपल्या राजदूताच्या तोंडावर, हे त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. पण कागद घेतला नाही म्हणून फौज थांबत नाही. पहाटेच सोव्हिएत तुकड्या पूर्वेकडून आत शिरल्या. पश्चिमेकडून जर्मन १ तारखेपासून आत होतेच. वाटणीचा करार दोघांनी २३ ऑगस्टलाच गुपचूप करून ठेवला होता. त्या रात्री पोलंडचे राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ आणि सरसेनापती सीमा ओलांडून रुमानियात गेले.

इकडे करवीर तालुक्यात गणपतीचे दिवस होते. उचगाव तेव्हा कोल्हापूर संस्थानातलं एक शेतकरी गाव, मिरजेहून कोल्हापूरला जाणाऱ्या रेल्वेच्या अंगाला. गादीवर राजाराम महाराज होते, आणि माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेची चळवळ त्याच वर्षी उभी राहिली होती. वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने तीनच दिवसांपूर्वी इंग्रजांना विचारलं होतं की हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर आमच्या लोकशाहीचं काय? पोलंडची बातमी वर्तमानपत्रातून आली असेल तर शहरातल्या वाचनालयापर्यंत. उचगावच्या बांधावर तिचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषाच्या चौकटीची हीच तर गंमत आहे. ती घटना सांगते, साल सांगते आणि मोकळी होते. घटना घडते एकीकडे आणि पोहोचते भलतीकडेच. मधल्या वाटेत किती वर्षं गेली, कोण दगावलं, कोण तरलं, याचा हिशेब चौकटीत मावत नाही. १७ सप्टेंबर १९३९ ला उचगावच्या शिवेपर्यंत यायला जवळजवळ चार वर्षं लागली, आणि ती आली सायबेरिया, कझाकस्तान, इराण, कराची अशा आडवाटेने.

याच तारखेच्या आणखी एका दिवसाला कोल्हापूरला पोहोचायला याहून जास्त वर्षं लागली. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी यादवी युद्धातल्या उत्तर आणि दक्षिणेच्या फौजा एका दिवसात अशा भिडल्या की मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून आकडा तेवीस हजारांच्या आसपास गेला. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढं रक्त पुन्हा सांडलं नाही. लढाई म्हणावी तशी कुणीच जिंकली नाही, पण दक्षिणेची फौज मागे हटली. राष्ट्राध्यक्ष लिंकन अशाच एखाद्या दिवसाची वाट पाहत होते. पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, त्यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्या युद्धाचे पैसे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना लगेच मिळाले, कारण अमेरिकेचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. विचार मात्र जरा मागून आला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. कोल्हापुरात त्याची शाखा १९११ मध्ये स्थापन झाली, शाहू महाराजांच्या पाठबळावर आणि भास्करराव जाधवांच्या पुढाकाराने. ओढ्याकाठच्या त्या दिवसापासून मोजलं तर एकोणपन्नास वर्षं. ही नाळ जरा ताणून जोडली आहे असं कुणी म्हणेल. म्हणोत, फुल्यांनी अर्पणपत्रिकेत ती स्वतःच जोडून ठेवली आहे.

(दिनविशेषवाल्यांसाठी एवढं सांगून ठेवतो की पेरियार रामस्वामी १७ सप्टेंबर १८७९ चे आणि प्रबोधनकार ठाकरे १७ सप्टेंबर १८८५ चे. पुरोहितशाहीवर तुटून पडणारे दोघे एकाच तारखेला जन्मावेत हा निव्वळ योगायोग. त्यातून काही काढू नये.)

आता पुन्हा पोलंड. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडात आधी अधिकारी, शिक्षक, पोलीस उचलले. मग कुटुंबांची पाळी आली. पहिली मोठी धाड १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पडली. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दीवर जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगल खात्यातले नोकर हे तिचं लक्ष्य होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दारावर बंदुकीचा दस्ता आपटायचा, घरात शिपाई शिरायचे, गाठोडं बांधायला अर्धा तास, फार तर तास. काय घ्यावं हे अशा वेळी सुचत नाही. ज्या बायकांनी पीठ, चरबी आणि पांघरुणं उचलली त्यांची मुलं जास्त जगली. ज्यांनी चांगली भांडी घेतली त्यांना ती वाटेत भाकरीसाठी विकावी लागली. घसरगाड्यांवरून स्टेशन, तिथून मालगाडीचे डबे. डब्यात मध्यभागी लोखंडी शेगडी, जमिनीला एक भोक, तोच संडास. कित्येक आठवडे प्रवास. त्या एका धाडीत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं नेली. एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि १९४१ च्या उन्हाळ्यात आणखी धाडी झाल्या. सोव्हिएत दप्तरांवरून चारही मिळून आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. पोलिश लोक पूर्वी याहून कितीतरी मोठा आकडा सांगत. कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूड तोडायला, कुणी सायबेरियात, कुणी कझाकस्तानच्या माळावर.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियावरच चाल केली आणि फासे पालटले. कालचा चोर आज मित्र झाला. ३० जुलैला लंडनमधल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी स्टालिनच्या राजदूताशी करार केला, आणि हद्दपार पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. ज्यांनी गुन्हाच केला नाही त्यांना माफी! शब्द खुपला तरी सुटका खरी होती. जनरल अँडर्स यांनी रशियातच पोलिश फौज बांधायला घेतली आणि उपाशी माणसं मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे तिच्या वासावर निघाली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्या आसऱ्याला आलेल्या बायका-मुलांसह एक लाखाहून जास्त लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. टायफस आणि हगवण सोबत घेऊनच. किनाऱ्यावर त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली. भरल्या पोटाची सवय सुटलेली काही माणसं पहिल्या पोटभर जेवणानेच गेली.

फौज पुढे लढाईवर गेली. उरलेल्यांचं काय करायचं? बायका, म्हातारी माणसं आणि मुलं इंग्रजी साम्राज्यात आणि बाहेर वाटली गेली, काही पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडमध्ये. भारताने त्याआधीच हात पुढे केला होता. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्या खटपटीने ट्रकांचा तांडा क्वेट्टा, मशहद करत थेट अश्गाबादपर्यंत गेला होता आणि अनाथ मुलं घेऊन परतला होता. ती मुलं आधी वांद्र्याला राहिली, मग जामनगरजवळ बालाचडीला. तिथे नवानगरच्या जामसाहेबांनी स्वतःच्या जागेत छावणी उभारली. जामसाहेबांचं नाव आज जास्त घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण माणसांच्या संख्येने पाहिलं तर भारतातली सर्वांत मोठी पोलिश वस्ती बालाचडीला नव्हती. ती उचगावच्या शेजारी, वळिवड्याला होती.

१९४३ च्या पावसाळ्यात पहिल्या टोळ्या आल्या. कराचीहून मुंबई, मुंबईहून पुणे, पुण्यात गाडी बदलून मीटरगेजने मिरज, आणि तिथून वळिवडे. हवा बरी, पाणी जवळ, रेल्वे दाराशी, म्हणून ही जागा. लांबच लांब बराकी, एकेका कुटुंबाला खोली आणि स्वयंपाकाची जागा, मध्ये रस्ते. छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खाती, देखरेख हिंदुस्थान सरकारची, जमीन कोल्हापूरची. बघता बघता वस्ती पाच हजारांच्या घरात गेली. एवढी वस्ती तेव्हा आसपासच्या कित्येक गावांची नव्हती.

या वस्तीत कर्ते पुरुष जवळपास नव्हतेच. ते एकतर आघाडीवर होते, नाहीतर रशियात पुरले गेले होते. त्यामुळे गाव चाललं ते बायकांच्या जिवावर. शाळा निघाल्या, चर्च, दवाखाना, नाटकमंडळी, हातकामाचे वर्ग निघाले. बालवीर पथकं बांधायला आले ते झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की, सोव्हिएतांच्या कैदेतून जिवंत सुटलेले पोलिश अधिकारी. त्यांच्या बरोबरीचे हजारो अधिकारी कातीनच्या हत्याकांडात गोळ्या घालून मारले गेले होते. मुलांना गाठी बांधायला शिकवणाऱ्या या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल याची कल्पना करवत नाही. पुढे ते धर्मगुरू झाले.

आठवणी लिहिणाऱ्या पोलिश मुलामुलींना वळिवडं आठवतं ते केळी-पपईच्या टोपल्या घेऊन दारावर येणाऱ्या इथल्या बायकांसाठी, पंचगंगेतल्या पोहण्यासाठी, कोल्हापुरातल्या सिनेमांसाठी, पावसाळ्यातल्या चिखलासाठी आणि साप-विंचवांसाठी. बर्फातून आलेल्या पोरांना कोल्हापूरचं ऊन सुरुवातीला सोसेना. घरोघरी कोळशाच्या शेगडीवर बटाट्याचे पदार्थ व्हायचे. पंचक्रोशीतल्या लोकांना गोऱ्यांचा अनुभव साहेब म्हणून होता. इथे मात्र गोरी बाई स्वतः पाणी भरताना, कपडे धुताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना दिसत होती. गोरा माणूस म्हणजे राज्यकर्ता, हे समीकरण १९४२ च्या ‘चले जाव’नंतर लगेचच, कुणी न सांगता, या माळावर निकामी झालं. माझ्या मते वळिवड्याची ही बाजू जेवढी लिहिली जायला हवी होती तेवढी लिहिली गेलेली नाही. आपण नेहमी ‘आम्ही आसरा दिला’ एवढंच सांगतो. त्या पाच वर्षांत इथल्या माणसाने काय पाहिलं, त्याच्या नजरेत काय बदललं, हे विचारायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट मात्र दोघांकडे सारखीच होती, ती म्हणजे टपालाची वाट. वळिवड्याच्या बायकांचे नवरे आणि मुलगे अँडर्सच्या फौजेतून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला माँटे कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच डोंगरावर भारतीय चौथ्या डिव्हिजनने रक्त सांडलं होतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाब्याची पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत त्याच इटलीत, त्याच आठव्या आर्मीत होती. १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून पलीकडे पोचवलं, मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी उडवली आणि बांधावर उभं राहून रणगर्जना केली. त्याच दिवशी त्याच सेनिओवर, शेजारच्या पट्ट्यात, पोलिश कोअर हल्ल्याला उतरली होती. एक पत्र इटलीहून वळिवड्याला, दुसरं इटलीहून शेजारच्या एखाद्या मराठी गावाला. दोन्हींवर एकाच सेन्सॉरचा शिक्का असणं अगदी शक्य होतं.

लढाई जिंकली, पण घर गेलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तिघा मोठ्यांनी ठरवलं की पूर्व पोलंड रशियाकडेच राहील. म्हणजे १७ सप्टेंबरला जे ओरबाडलं होतं त्यावर दोस्तांनीच सही केली. जुलैत इंग्लंडने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या बहुतेक कुटुंबांचं गाव आता परदेशात होतं आणि त्या परदेशाने एकदा त्यांना मालगाडीत कोंबलं होतं. परत कुणी जायचं? थोडे गेले. बाकीचे १९४७ आणि १९४८ च्या सुरुवातीला इंग्लंड, आफ्रिका, पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. काही मुली इथल्या घरांत सुना होऊन राहिल्या. जे इथेच वारले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. इंग्लंडात स्थायिक झालेल्यांनी भारतातल्या पोलिश लोकांची संघटना काढली, आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि म्हातारपणी पुन्हा पुन्हा कोल्हापूरला येत राहिले. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ ला भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. पोलंडमध्ये सायबेरियाला हद्दपार झालेल्यांचा स्मरणदिन पाळतात तो १७ सप्टेंबरलाच.

पोलिश निघत होते तेव्हाच सिंधी येत होते. फाळणीत घर गमावलेल्या सिंधी कुटुंबांना सरकारने त्याच बराकी दिल्या. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, कोल्हापुरात जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. निर्वासितांच्या या नव्या वसाहतीला गांधीजींचंच नाव मिळालं, गांधीनगर. सिंध्यांनी रडत बसण्याऐवजी कापडाचे तागे मांडले. आज ही पेठ वळिवडे, गडमुडशिंगी, उचगाव अशा गावांच्या हद्दींत पसरली आहे. कोकणातून, गोव्यातून, सीमाभागातून लोक लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतात आणि हायवेवर तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावर उतरून आत वळतात. त्यांतल्या बहुतेकांना या माळावर कधीकाळी पोलिश भाषेत परीक्षा व्हायच्या याचा पत्ता नसतो. असायला हवा असंही नाही. लग्नघराची घाई वेगळी असते.

सिंधी आले त्या १९४८ साली सप्टेंबर पुन्हा फिरून आला. गणपती विसर्जनाच्या तोंडावर, १३ तारखेला, भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींच्या तुकड्या निजामाच्या हैदराबाद संस्थानावर, सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाल्या. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवारी निजामाने शस्त्रं खाली ठेवत असल्याचं जाहीर केलं. त्याचे पंतप्रधान लायक अलींनी राजीनामा दिला, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले. दुसऱ्या दिवशी निजामाच्या सेनापतीने रीतसर शरणागती पत्करली. मराठवाड्यात दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, आणि निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या छळात गेलेल्यांची आठवण निघते. निघायलाच हवी. पण त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागांत जे मुसलमान मारले गेले त्यांचा आकडाही पंडित सुंदरलाल समितीने सावधपणे २७ ते ४० हजार धरला होता. तो अहवाल सरकारने पुष्कळ वर्षं बाहेर येऊ दिला नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत तो आजही सहसा येत नाही.

हैदराबाद पडल्यावर बाकीच्या संस्थानांचे पाय जमिनीला लागले. कोल्हापूरचा कारभार तोवर केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती आलाच होता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ज्या संस्थानाच्या जमिनीवर पोलिश छावणी बसली होती ते संस्थानच उरलं नाही. उचगावचा सातबारा आता मुंबई सरकारच्या नावाने निघू लागला.

छावणी उठली, संस्थान गेलं, पण वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बनासिन्स्का पोलंडला परत गेल्या नाहीत. अश्गाबादच्या ट्रकांपासून वळिवड्याच्या छावणीपर्यंत, पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून त्या या सगळ्या कामात होत्या. लंडनमधल्या सरकारची मान्यता गेली तशी नवऱ्याची वकिलातही गेली. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि पुढे हैदराबादला घर केलं. तिथेच, शंभरी ओलांडल्यावर, २००२ मध्ये त्या वारल्या.